स्प्रिंगा, रबरी पट्ट्या आणि घरांतील व्यायाम

आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरांत पांच स्प्रिंगांचा एक 'चेस्ट एक्सपांडर' खुंटीवर लोंबकळत असे. शाळेंत असतांना ईर्षेनें पहिल्याच दिवशीं आम्ही पांचही स्प्रिंगा लावून तो ताणला आणि आठवडाभर खांदा धरून बसलों. त्यानंतर तो माळ्यावर गेला. या साधनाचा खरा गुण स्प्रिंगा काढतां येण्यांत आहे, हें कळावयास आम्हांस फार वर्षें लागलीं.

अशीं घरगुती साधनें लोकप्रिय करणारांत यूजेन सँडो याचें नांव अग्रभागीं आहे. १८६७ सालीं प्रशियांतील कोनिग्सबर्ग येथें जन्मलेला हा मल्ल १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानांतही येऊन गेला. त्याच्या डंबेलचे दोन भाग असून मध्यें पोलादी स्प्रिंगा असत. मूठ आवळून ते भाग जवळ आणावयाचे आणि शक्ति वाढेल तसतशा स्प्रिंगा वाढवावयाच्या, अशी योजना होती. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनींही आरंभीं सँडोच्या पद्धतीनें कित्येक वर्षें व्यायाम केला व पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले.

नमस्काराची थोरवी आम्हांसही मान्य आहे. परंतु त्यांत पेलावयाचें ओझें म्हणजे आपलेंच शरीर. तें निम्में करून घेतां येत नाहीं. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंना तें झेपेलच असें नाहीं. ताण हवा तितका कमी करतां येणाऱ्या साधनाचें महत्त्व येथेंच आहे.

डंबेलचें वजन कायम तेंच राहतें. स्प्रिंग मात्र जितकी ताणावी तितकी अधिक ओढते. हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. रबरी पट्टी या नियमास तंतोतंत धरून नसली, तरी तीही ताणावी तसा जोर वाढवीत जाते. म्हणून ती आंखूड धरली कीं व्यायाम अवघड, लांब धरली कीं सोपा. एका प्रचलित मालिकेंत पिवळी, तांबडी, हिरवी, निळी, काळी असा चढता क्रम आहे. पण सर्व कारखान्यांचा क्रम एक नसतो. तेव्हां रंगावर न जातां पट्टी हातानें ताणून पाहूनच घ्यावी.

आमच्या मातोश्रींचें वय ७४. दोन वर्षांपूर्वीं खुर्चीवरून उठतांनाही त्यांना कोणाचा तरी हात लागे, आणि तो मागण्याचा संकोच वाटे म्हणून त्या बसूनच राहत. डॉक्टरांच्या सल्ल्यानें पिवळी पट्टी आणली. "या वयांत कसली तालीम!" म्हणून त्यांनीं ती बाजूस ठेविली, पण नात शेजारीं बसून करूं लागली, तेव्हां त्यांनींही ती हातीं घेतली. खुर्चीत बसून पट्टी तळपायाखालीं घ्यावयाची व पाय पुढें लोटावयाचा. मग तीच छातीपुढें ताणावयाची. असें आठवड्यांतून तीन दिवस चाललें. चार महिन्यांनीं एका सकाळीं त्या देवघरांतून आपल्या आपण उठून बाहेर आल्या. सर्वांनीं पाहिलें, कोणीच कांहीं बोललें नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यांतून किमान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम करण्यास सांगितलें आहे. तो करतांना श्वास कोंडूं नये. चिरा पडलेली पट्टी तत्काळ टाकावी, कारण तुटल्यास ती तोंडावर उसळते. उन्हांतही ठेवूं नये. रबराची ॲलर्जी असणारांनीं लॅटेक्सविरहित पट्टी घ्यावी. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आपल्या घरांतून तालमीची फी मुलग्यांसाठीं तेवढी निघते. सासू-सुनांना घरकामांतच पुष्कळ व्यायाम होतो, असें आपण गृहीत धरतों. आमचाही तोच समज होता, आणि मातोश्रींना त्याचीच किंमत मोजावी लागली.

तो जुना एक्सपांडर आम्ही नुकताच माळ्यावरून काढला. त्याला आतां दोनच स्प्रिंगा लावल्या आहेत, आणि आम्हांस त्या पुरतात.