पास शिकवताना आधी पकडणाऱ्याकडे बघा

मंडळी, मागे आपण ड्रिबलबद्दल बोललो, आज पासबद्दल. खरं तर क्रम उलटा हवा होता. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ काढला तेव्हा ड्रिबल नव्हताच. चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच टाकायचा, असा नियम होता.

आता दहा-अकरा वर्षांची मुलं मैदानावर बघा. एखादा चलाख मुलगा चेंडू घेऊन निघतो, बाकीचे मागे धावतात. कोपऱ्यात एक मुलगी उभी असते. दोन महिने झाले, तिच्याकडे चेंडू आलेला नाही. तिसऱ्या महिन्यात ती येत नाही. पालकांना वाटतं, हिला आवडच नाही.

तिला चेंडू का मिळत नाही? ती पकडेल असा कुणाला भरवसा नाही म्हणून. त्यामुळे आम्ही सुरुवात पकडण्यापासून करतो. दोन्ही हात छातीसमोर, बोटं पसरलेली आणि वर, अंगठे जवळजवळ. बोटं चेंडूकडे सरळ रोखली की चेंडू टोकावर आदळतो, बोट सुजतं, आणि मग चेंडू येताना मूल डोळे मिटायला लागतं. ही भीती एकदा बसली की निघता निघत नाही. शिवाय चेंडूची वाट बघत उभं राहायचं नाही, एक पाऊल पुढे जाऊन घ्यायचा. आणि लहानांना ५ नंबरचाच चेंडू द्या. तो पाचशे ग्रॅमच्या आत असतो, ७ नंबरचा सहाशेच्या आसपास. शाळेत एकच मोठा चेंडू असतो हे माहीत आहे. तरी या एका खरेदीसाठी भांडा.

टाकण्याचं तंत्र त्यामानाने सोपं. चेस्ट पासमध्ये पाऊल पुढे, मनगटं झटकायची, शेवटी अंगठे जमिनीकडे. बाउन्स पासचा टप्पा मधोमध नको. अंतराच्या दोन तृतीयांशावर पाडला तर चेंडू घेणाऱ्याच्या कमरेशी येतो.

दोन रांगा समोरासमोर उभ्या करून पास द्यायला लावणं आम्हीही खूप केलं. दिसतं छान! पण तिथे मध्ये कुणी अडवायला नसतं, त्यामुळे कुणाला, कधी, कुठून द्यायचा हे मूल शिकतच नाही. सामन्यात गडबडतं. त्यापेक्षा दोघांत एक अडवणारा ठेवा. मग तीन विरुद्ध तीन, अर्ध्या मैदानावर, ड्रिबल पूर्ण बंद.

काही जण नियम करतात, सगळ्यांचा हात लागल्याशिवाय शॉट नाही. आम्हाला तो पटत नाही. कोपऱ्यातल्या मुलीला उपकाराचा एक पास मिळतो आणि तो लगेच परत मागून घेतात. तिघांच्या संघात ड्रिबल नसला की चेंडू असलेल्याला दोघांपैकी एकाकडे बघावंच लागतं. ती मोकळ्या जागेत आली, हात दाखवले, की चेंडू तिच्याकडे जातो. पहिले चार सुटतील. सुटू देत, शिट्टी वाजवू नका.