कागद कोणाचा, सही कोणाची?

आपला तालुका, आपला कारभार : भाग ७

मागच्या भागात आपण राहुरी तालुक्याची मतदारसंघांतली वाटणी पाहिली. राहुरी शहर, वांबोरी, ब्राह्मणी, ताहाराबाद हा भाग राहुरी विधानसभेत आणि पर्यायाने नगर लोकसभेत. देवळाली प्रवरा, टाकळीमिया हा पट्टा श्रीरामपूर विधानसभेत, म्हणजे शिर्डी लोकसभेत. शिवाय राहुरीच्या आमदाराकडे नगर आणि पाथर्डी तालुक्यांतलीही गावे आहेत. एकाच तहसील कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या दोघांचे आमदारही वेगळे, खासदारही वेगळे.

आता पुढचा प्रश्न. निवडून गेलेल्या माणसाने आपल्याला नेमके कळवायचे काय? बातमी तर त्याच्या आधीच मोबाइलवर येऊन पडलेली असते. त्याला शुभेच्छांचा फ्लेक्स लावता येतो, पण त्याने आपल्या ज्ञानात काही भर पडत नाही. लोकप्रतिनिधीला ठाऊक असते आणि आपल्याला नसते अशी गोष्ट वेगळीच आहे: निर्णय कोणत्या टेबलावर होतो, कागद आज कुठे अडकला आहे, आणि त्या टेबलावर आपल्या माणसाने काय भूमिका घेतली. एवढे तीन मुद्दे कळले तरी पुरे. जवळच्या टेबलापासून सुरुवात करू.

मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी. त्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्याला पाणी कधी सोडायचे, किती आवर्तने द्यायची, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. बैठक मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते आणि लाभक्षेत्रातले आमदार तिथे हजर असतात. बैठक संपताच गावोगावच्या ग्रुपवर मजकूर फिरतो: ‘भाऊंच्या पाठपुराव्याला यश! मुळाचे आवर्तन सुटणार!’ सोबत हार घातलेला फोटो. दुसऱ्या गटाच्या ग्रुपवर तोच मजकूर असतो, फक्त भाऊ बदललेले असतात.

आता बांधावरच्या शेतकऱ्याला काय हवे आहे ते पाहा. पाणी कोणत्या तारखेला सुटणार आणि किती दिवस चालणार? नमुना नंबर सातचा पाणी अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती? थकबाकी असली तर अर्ज घेणार का? भरणे टेलकडून सुरू होणार की हेडकडून? उन्हाळ्यासाठी आणखी किती आवर्तने राखून ठेवली आहेत? यातली प्रत्येक गोष्ट त्या बैठकीत किंवा पाटबंधारे शाखेत मिळते. चार ओळींत ती कळवता येते. ती कळवली तर शेतकरी कांद्याचे रोप टाकायचे की हरभऱ्यावर भागवायचे हे ठरवू शकतो. नुसते ‘यश’ कळून त्याला काहीच ठरवता येत नाही.

दुसरे टेबल जरा लांबचे. २०२३ सालच्या पावसाने ओढ दिली आणि खालच्या बाजूचे, मराठवाड्यातले जायकवाडी धरण भरले नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने वरच्या धरणांतून ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश काढला. त्यात मुळेचा वाटा २.१० टीएमसी होता. ‘आमचे पाणी पळवले’ ही प्रतिक्रिया स्वाभाविक होती आणि सर्वच पक्षांच्या पुढाऱ्यांना ती बोलायला सोपी होती. पण आदेशामागची साखळी मोठी आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. खोऱ्यातली तूट सगळ्यांनी समन्यायाने वाटून घ्यायची, हे तत्त्व त्यात आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचे, हे गणित मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावरून आले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही समन्यायी वाटपाच्या बाजूने लागला.

हे सारे मतदारासमोर मांडले तर तो दोन गोष्टी स्वतःच ओळखतो. एक, ऐन नोव्हेंबरात धरणाच्या भिंतीवर जाऊन दरवाजे अडवायची भाषा केली तरी मूळ गणित हलत नाही. दोन, ते हलवायचे असेल तर प्राधिकरणापुढे, न्यायालयात किंवा विधिमंडळात, दुष्काळ नसलेल्या वर्षी काम करावे लागते. म्हणून पुढाऱ्याला विचारायचा प्रश्न असा: पाऊस चांगला झाला त्या वर्षी तुम्ही या विषयावर काय केलेत?

तिसरे टेबल थेट दिल्लीत. राहुरी बाजार समितीत कांदा आणणारा माणूस गेल्या काही वर्षांत केंद्राच्या अधिसूचना तोंडपाठ करून बसला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत असल्याचे सांगितले होते, पण त्या तारखेपूर्वीच पुढे वाढवली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. नगर लोकसभेचे मतदान १३ मे रोजी होते.

‘बंदी उठली’ एवढेच ज्यांनी सांगितले, त्यांनी अर्धेच सांगितले. त्याच वेळी टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले होते आणि ४० टक्के शुल्कही लागू होते. बंदी आणि किमान मूल्य हा वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा कागद, तर शुल्क हा अर्थ मंत्रालयाचा. एक गेट उघडले म्हणून दुसरे उघडत नाही. किमान मूल्य सप्टेंबर २०२४ मध्ये गेले, शुल्क तेव्हा २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण हटले. चाळीत माल ठेवलेल्या शेतकऱ्याला या दोन कागदांतला फरक वेळेवर कळणे म्हणजे विकायचे की थांबायचे याचा निर्णय. हा फरक खासदाराने सांगायचा असतो. आमदाराला यात मत मांडता येते, सही करता येत नाही.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण के. के. रेंजचे. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतली २३ गावे लष्कराच्या या सराव क्षेत्राच्या छायेत अनेक दशके आहेत. राहुरीच्या पश्चिम भागात ही धास्ती जास्तच खोल आहे, कारण मुळा धरणासाठी आणि १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठासाठी इथल्या लोकांनी आधीच जमिनी दिल्या आहेत. २०२० मध्ये या गावांत भूसंपादन होणार अशी चर्चा उठली आणि झोप उडाली. सप्टेंबरमध्ये शरद पवार यांनी पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांना बरोबर घेऊन दिल्लीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांची भेट घेतली. तेव्हाचे खासदार सुजय विखे यांनीही विषय संरक्षण मंत्रालयाकडे नेला. म्हणजे दार बरोबर ठोठावले गेले.

पण गावात एक गोष्ट सावकाश बसून समजावण्याची गरज होती आणि आजही आहे. लष्करी सरावाची अधिसूचना आणि भूसंपादन हे दोन निराळे कागद आहेत. पहिला १९३८ च्या कायद्याखाली निघतो. कायदा केंद्राचा, पण अधिसूचना राज्य सरकारची. त्यात जमीन मालकाचीच राहते, सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. सरावाच्या काळात धोक्याच्या क्षेत्रातून बाजूला व्हावे लागते आणि नुकसान झाले तर भरपाईची तरतूद आहे. दुसरा कागद २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा. त्याची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. ते दिवस गेले की बाजू कमजोर होते. त्यामुळे गावात कोणी ‘जमिनी जाणार’ म्हणून आला तर त्याला भांडण्याआधी विचारावे, ‘कोणत्या कायद्याखाली? अधिसूचना दाखवा.’ आणि कोणी ‘घाबरू नका, मी आहे’ म्हणाला तरी त्यालाही तेच विचारावे.

मग हे कळवायचे कुठे? खेड्यात कायद्याने ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या रूढ तारखा. आमदाराने वर्षातून एकदा तिथे उभे राहून आपला हिशेब वाचावा, त्याला कोणी अडवलेले नाही. राहुरी आणि देवळाली प्रवरा या नगरपरिषदांच्या हद्दीत ग्रामसभा नाही, तिथे प्रभागवार बैठक मुद्दाम घ्यावी लागते. आपल्याकडे चालते ती भेटीगाठींची पद्धत. राहुरीचे आमदार शिवाजी कर्डिले बुऱ्हाणनगरच्या घरी सकाळीच लोकांना भेटत, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा दरबारात रोहित्र जळाल्याची तक्रार फोनवर सुटते, आणि ते मोठे काम आहे. पण तो सारा व्यवहार तोंडी असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्डिले यांचे निधन झाले. जागा रिकामी झाली की साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असे कायदा सांगतो. नव्या माणसाच्या हाती जुन्या पाठपुराव्याची यादी द्यायची असे मात्र कोणताही कायदा सांगत नाही. म्हणून लेखी अहवाल हवा, आणि तो पक्षाच्या नव्हे तर मतदारसंघाच्या दप्तरात राहायला हवा.

अमेरिकेत संसद सदस्याला मतदारांना सरकारी खर्चाने पत्रे पाठवता येतात. त्याबरोबर अटीही आहेत: मजकूर प्रचाराचा नको आणि निवडणुकीच्या तोंडावर अशी घाऊक पत्रे बंद. माहिती कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, याची रेघ तिथे नियमाने आखली आहे. आपल्याकडे कार्यअहवाल बहुधा निवडणुकीच्या वर्षातच गुळगुळीत कागदावर छापून येतो. त्यात मंजूर झालेल्या कामांची यादी असते. मंजूर, निविदा, कार्यारंभ आदेश आणि पूर्ण हे चार टप्पे वेगवेगळे लिहिलेले क्वचितच सापडतात.

तोवर आपण स्वतः पडताळू शकतो. खासदाराने लोकसभेत विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे नावानिशी पाहता येतात. आमदाराने तारांकित प्रश्न टाकला का, लक्षवेधी मांडली का, हे विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलेले असते. आमदार निधी आणि खासदार निधीच्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. येत्या आवर्तनाची पोस्ट आपल्या ग्रुपवर आली की अभिनंदनाचा अंगठा दाखवण्याआधी खाली एवढेच लिहा: ‘तारीख, दिवस आणि अर्जाची मुदत कळवा.’ चार-पाच जणांनी लिहिले की पुढची पोस्ट टाकणारा शाखा अभियंत्याला आधी फोन करील.

पुढील भागात : आमदार निधीचे एक काम, मागणीच्या पत्रापासून ठेकेदाराच्या बिलापर्यंत.