ठाण्याचं ‘थेन’ का होतं?

इंग्रजी आवाज लावलेल्या कम्प्युटरला रोमन लिपीत लिहिलेलं ‘ठाणे’ वाचायला द्या. तो बहुधा ‘थेन’ म्हणेल. यात त्याचं काही चुकलं, असं म्हणता येत नाही. त्याच पाच अक्षरांनी लिहिला जाणारा ‘थेन’ हा जुना इंग्रजी शब्द आहे. स्कॉटलंडमधल्या सरदाराला तसं म्हणत, आणि शेक्सपिअरचा मॅकबेथही नाटकाच्या सुरुवातीला असा थेनच असतो. आपल्या तलावांच्या शहराचं नाव समोर आल्यावर यंत्राने इंग्रजीचे नियम पाळून चोख इंग्रजी उच्चार केला, एवढंच. कळवा, मुंब्रा ओलांडून दिवा आलं की तेही ‘दीव्हा’ होतं, म्हणजे ऑपेरातली नामांकित गायिका!

डोळ्यांनी वाचणाऱ्याला ही गंमत वाटेल. पण ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात असे वाचक आहेत ज्यांच्यासाठी हा आवाज हेच वाचन असतं. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर, बटणं, मेनू असं सगळं बोलून दाखवतं. दृष्टिहीन माणूस त्याच्या आधाराने पत्रं लिहितो, बँकेचे व्यवहार करतो, लोकलची वेळ बघतो. ‘बघतो’ हाच शब्द दृष्टिहीन माणसं स्वतःही वापरतात. सरावलेल्या कानाला हा आवाज इतका भरभर ऐकता येतो की शेजारी बसलेल्याला एक शब्दही कळू नये. अशा वाचकासाठी सॉफ्टवेअरमधली भाषेची एक सेटिंग चुकली, तर समोरचं पानच नाहीसं होऊ शकतं. ते का होतं आणि लोक त्यातून वाट कशी काढतात, हे समजून घेताना मी थक्क होत गेलो.

सुरुवात अक्षरांपासून करू. कम्प्युटरला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत देवनागरीला १२८ घरं दिलेली आहेत आणि प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा. यंत्राच्या लेखी २३३६, २३६६, २३३९, २३७५. या चार आकड्यांत भाषेचा मागमूस नाही. मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत ही सगळी बिऱ्हाडं युनिकोडच्या या एकाच चाळीत राहतात, आणि कुठल्याही दारावर पाटी नाही. आपण ‘आहे’ किंवा ‘है’ पाहिलं की क्षणात ओळखतो, कारण ओळखणारी भाषा आपल्या डोक्यात असते. यंत्राला मात्र ती बाहेरून सांगावी लागते.

वेबपानावर ही पाटी पडद्याआड लावायची सोय आहे. पानाच्या संकेतलिपीत अगदी सुरुवातीला ‘लँग’ नावाचा एक गुण लिहितात आणि त्यापुढे भाषेची खूण. मराठीची खूण दोन रोमन अक्षरांची, एम आणि आर. हिंदीची एच आणि आय. पान बघणाऱ्याला ही खूण कधीच दिसत नाही. पण आवाज आपोआप बदलायची सोय आणि त्या भाषेचा आवाज दोन्ही असतील, तर तीच खूण वाचून स्क्रीन रीडर मराठी आवाज बोलवायचा की इंग्रजी, हे ठरवतो. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत पानाची भाषा कळवणं ही अगदी पहिल्या पातळीची अट ठेवली आहे. असं असूनही मराठी पानं ‘इंग्रजी’ अशी खूण घेऊन सर्रास फिरतात. कारण साधं आहे. पानाचा साचा इंग्रजीत तयार झालेला असतो, मजकूर मराठी भरला जातो, आणि न दिसणारी पाटी बदलायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मग काय ऐकू येतं? सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रकार म्हणजे शांतता. इंग्रजीच जाणणाऱ्या कित्येक आवाजांना देवनागरीचे आकडे मिळाले की ते ‘कळलं नाही’ असंही म्हणत नाहीत, तो भाग गाळून पुढे जातात. पाठवणाऱ्याचं नाव ऐकू येतं, तारीख ऐकू येते, मधला मराठी विषय गायब. आणि ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो की तिथे काही होतं.

दुसरा प्रकार हिंदी आवाजाचा. विंडोजसोबत हेमंत आणि कल्पना नावाचे हिंदी आवाज मिळतात, आणि बरीच माणसं मराठीही त्यांच्याकडूनच वाचून घेत आली आहेत. अर्थ बहुतेक लागतो, पण ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होतात आणि सिंहाचा ‘सिंघ’. आकड्यांचं तर विचारूच नका. आकड्याला स्वतःचा उच्चारच नसतो, तो संपूर्णपणे आवाजाच्या भाषेवर अवलंबून. ८:४९ ची लोकल मराठी आवाजात ‘आठ एकोणपन्नास’, हिंदीत ‘आठ उनचास’, इंग्रजीत ‘एट फॉर्टी नाइन’. डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत, कानात एकच इयरफोन घालून हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात किती भराभर भाषांतर चालत असेल, याची कल्पना करून बघा.

आता त्यातून काढलेल्या वाटा. त्या समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, आणि मला तीच सगळ्यात विलक्षण वाटते. एका कम्प्युटरात भाषेची एकच सेटिंग नसते. विंडोजच्या मेनूंची भाषा वेगळी, त्या त्या सॉफ्टवेअरची वेगळी, स्क्रीन रीडर स्वतः ज्या भाषेत सूचना देतो ती वेगळी, बोलणाऱ्या आवाजाची वेगळी, मजकुरावरच्या खुणेची वेगळी आणि कीबोर्डची आणखी वेगळी. या सगळ्या जुळलेल्या असल्या की काही जाणवत नाही. एक सरकली की गोंधळ. समजा कुणी हौसेने विंडोजचे मेनू मराठी केले आणि आवाज इंग्रजीच राहिला. स्टार्ट मेनू मुका, सेटिंग्ज मुक्या, आणि परतीचा रस्ताही त्याच मुक्या सेटिंग्जमधून जाणारा.

इथे सुटका करतो तो स्क्रीन रीडरचा वेगळेपणा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्या. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांच्या हातचं हे काम. २००६ साली करनने ते सुरू केलं, कारण तेव्हाचे स्क्रीन रीडर अनेकांच्या खिशाला परवडणारे नव्हते. एनव्हीडीएच्या स्वतःच्या सूचनांची भाषा मुळात विंडोजच्या मागे जाते, पण ती एका जागी बांधून ठेवता येते. आधीच इंग्रजीला बांधून ठेवली असेल, तर विंडोज कुठल्याही भाषेत गेलं तरी हा आपला बोलत राहतो. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस दाबलं की आवाज बदलायची खिडकी उघडते. इन्सर्ट आणि कंट्रोल धरून बाणांची बटणं दाबली, तर कुठलीही खिडकी न उघडता आवाज आणि वेग बदलता येतो. म्हणून अनेक जाणकार मेनू इंग्रजीतच ठेवतात आणि मराठी मजकुरापुरती राखतात. मराठीच्या अभिमानाला हे थोडं टोचेल. पण ज्याला त्या यंत्रावर दिवसभर काम करायचं आहे, त्याचा निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरी वाट आवाजाच्या निवडीची. एनव्हीडीएसोबत ईस्पीक नावाचं वाचायंत्र येतं. त्याचा आवाज माणसासारखा गोड नाही, धातूचा वाटतो. त्यात कुणाच्या आवाजाचे तुकडे जोडलेले नाहीत. घशातून आणि तोंडातून ध्वनी घुमताना ज्या लहरी ठळक होतात, त्यांचं गणित मांडून तो तयार होतो. त्यामुळेच तो आकाराने चिमुकला आहे, शंभरावर भाषा बोलतो, त्यांत मराठी आहे, आणि प्रचंड वेगातही फाटत नाही. त्याचा मराठी आवाज निवडला की देवनागरी शब्द तो मराठी नियमांनी वाचतो आणि रोमन अक्षरं दिसली की स्वतःहून इंग्रजीकडे वळतो. डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या सूचनेत दोन्ही लिप्या एकत्र नांदत असतात, तिथे हा गुण मोलाचा. उलट मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज ऐकायला फार गोड, पण ते इंटरनेटवरून येतात, आणि दृष्टिहीन वाचकाला कळ दाबल्याक्षणी उत्तर हवं असतं.

मात्र इथेही खोटी खूण आडवी येते. मराठी पानावर इंग्रजीची पाटी असेल, तर स्क्रीन रीडर आज्ञाधारकपणे मराठी सोडून इंग्रजी आवाजाकडे जातो. तेव्हा ‘भाषा आपोआप बदला’ ही सोयच बंद करायची. यंत्राला सांगायचं की पान काय म्हणतं तिकडे लक्ष देऊ नकोस, मी निवडलेल्या आवाजातच वाच. खुणा खऱ्या असलेल्या पानांवर ती पुन्हा सुरू करायची. दर वेळी हे हाताने करायला नको म्हणून प्रोफाइल असतात. ब्राउझर उघडला की एक मांडणी, हिशेबाचं इंग्रजी सॉफ्टवेअर उघडलं की दुसरी.

आणि ‘थेन’? त्यासाठी उच्चारकोश आहे. अमुक शब्द दिसला की तमुक बोल, अशी नोंद करता येते. पण इंग्रजी आवाजाला ‘ठाणे’ असं देवनागरीत शिकवून उपयोग नाही, तो गप्प बसेल. मग टी, एच, डबल ए, एन, ए, वाय असं काहीतरी, स्पेलिंग म्हणून साफ चुकीचं आणि कानाला जवळपास बरोबर, लिहून बघायचं. ऐकायचं, एखादं अक्षर बदलायचं, पुन्हा ऐकायचं. नोंद पूर्ण शब्दापुरती ठेवायची, नाहीतर ‘मेथेन’ वायूतही ठाणे घुसेल!

एक अडचण मात्र कुठल्याही आवाजाने सुटत नाही. ती जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टाइप करण्याची युक्ती अशी होती की अक्षरं रोमनच ठेवायची आणि फॉन्टमध्ये त्यांची चित्रं देवनागरी काढायची. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘ठाणे’ लिहिलं की फाइलमध्ये खरोखर साठतं ते बी, के, टिंब, के, एस. डोळ्याला सुबक ठाणे, आणि स्क्रीन रीडरला पाच निरर्थक चिन्हं. तो चित्र बघत नाही, साठवलेलं वाचतो. छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून निघालेला असा कितीतरी मराठी मजकूर आजही पडून आहे. त्यावर उपाय एकच, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि मग वाचायचा.

या सगळ्या खटाटोपातून माणसं कुठवर जातात, याचं उदाहरण कल्याणच्या पुढे दोनच स्टेशनांवर आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण, मग उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयात, आणि तिथून रोजचा लोकल प्रवास करत मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये पदवी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०१६ च्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ वा होता, २०१७ च्या निकालात १२४ वा. त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. अभ्यासासाठी त्या जॉज हा स्क्रीन रीडर वापरत. टेड हेन्टर या अमेरिकन मोटरसायकल शर्यतपटूची १९७८ मधल्या अपघातात दृष्टी गेली, पुढे तो प्रोग्रामिंग शिकला, आणि १९८९ मध्ये जॉज बाजारात आणला. फ्लोरिडातल्या एका माणसाच्या अपघातापासून उल्हासनगरच्या एका अभ्यासाच्या टेबलापर्यंत ओढलेली ही रेघ मला फार सुंदर वाटते.

आवाजाऐवजी बोटांनी वाचलं तर भाषेचा प्रश्न सुटतो का? नाही सुटत. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल आहे, आणि तिच्यात क ला तेच ठिपके आहेत जे इंग्रजीत के ला. पण इंग्रजी सी चे ठिपके म्हणजे मराठी च. कम्प्युटरला जोडलेल्या ब्रेल पट्टीला मराठीचा तक्ता लावायचा राहिला, तर ‘क’ च्या जागी बोटाखाली त्याचा युनिकोड क्रमांक उमटू शकतो.

आणि सगळ्या सेटिंग्ज बरोबर लावल्यावरही मराठी स्वतः काही गाठी राखून ठेवतेच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च वेगळे बोलले जातात, लिपीत मात्र एकच च आहे. ‘हे जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ यांतला ज वाचणारा माणूस अर्थ कळल्यावरच ठरवतो. यंत्राने तो कसा ठरवावा? त्याहून अवघड मित्रांचे निरोप: रोमन लिपीत टाइप केलेली मराठी, मध्ये इंग्रजी शब्द, शेवटी स्टेशनचं नाव. लिपी इंग्रजी, भाषा मराठी, खूण कसलीच नाही. इंग्रजी आवाज ते इंग्रजी म्हणून वाचतो, मराठी आवाजही रोमन अक्षरं बघून इंग्रजीकडेच वळतो. तुमचा एखादा मित्र स्क्रीन रीडर वापरत असेल, तर त्याला मराठी निरोप देवनागरीत टाइप करा. आणि वर्डमध्ये त्याच्यासाठी काही लिहिलंत, तर सगळा मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’ मधल्या ‘लँग्वेज’ खाली मराठी निवडा. वर्ड ती खूण मजकुरासोबतच जपून ठेवतो.