कंडोम होता ना? मग भीती कसली?

हा लेख घ्यायचा की नाही यावर संपादक मंडळात बराच खल झाला म्हणे. शेवटी 'शास्त्रीय माहिती' या सदरात तो पास झाला. त्यामुळे मधे थोडं मटेरियल सायन्स आणि थोडी प्रोबॅबिलिटी येईल, सांभाळून घ्या.

विषय साधा आहे. कोणीतरी शरीरसंबंध ठेवला. कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता, फाटला नाही, निसटला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच प्रश्न: मला एचआयव्ही झाला असेल का? आपल्या हॉस्टेलमध्ये असं कोणी नसेलच, असं ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटून शायरीकडे जायला हरकत नाही.

मी हे जवळून पाहिलंय. माझा एक मित्र (ब्रँच, वर्ष, विंग काहीही सांगणार नाही, आणि हे लिहायला त्याने हो म्हटलंय) ऐन सबमिशनच्या दिवसांत अडीच आठवडे धड जेवला नव्हता. रात्री तीन वाजता मोबाईलचा टॉर्च लावून बाथरूमच्या आरशात जीभ बघायचा. वजन चार किलोने उतरलं, आणि वजन उतरतंय म्हणजे एड्सच, असा त्याचा निष्कर्ष! पेपरला बसणार नाही, इथपर्यंत गाडी आली होती. त्याला समजवायला म्हणून मी वाचायला लागलो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रिप्रॉडक्शनचा धडा सिस्टरांनी 'सेल्फ रीडिंग'ला दिला होता. ते रीडिंग अखेर या निमित्ताने झालं.

आधी त्या रबरापासून सुरुवात करू. 'विषाणू इतका बारीक असतो की कंडोमच्या छिद्रांतून आरपार जातो' हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. एचआयव्हीचा कण साधारण १०० ते १२० नॅनोमीटरचा, म्हणजे बारीक आहेच. पण पाण्याचा रेणू त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी लहान असतो, आणि धड लॅटेक्समधून पाणीसुद्धा झिरपत नाही. शिवाय हा विषाणू सुटा उडत येत नाही, शरीरातल्या द्रवासोबतच येतो. द्रव अडला की तोही अडला.

कारखान्यात याची परीक्षा कशी होते ते आपल्या लोकांना आवडेल. प्रत्येक कंडोम धातूच्या साच्यावर चढवून त्यावर व्होल्टेज देतात. लॅटेक्स इन्सुलेटर आहे, त्यामुळे करंट गेला म्हणजे कुठेतरी भोक आहे, माल बाद. मग प्रत्येक लॉटमधून नमुने काढून त्यांत ३०० मिलिलिटर पाणी भरतात आणि गळती बघतात. आयएसओ ४०७४ या मानकाप्रमाणे हवा भरून फोडायचीही टेस्ट असते. नेहमीच्या मापाच्या कंडोमने फुटण्याआधी किमान १८ लिटर हवा झेलली पाहिजे. आपल्या मेसमधला पाण्याचा मोठा जार २० लिटरचा असतो, त्यावरून अंदाज करा. आपल्या कित्येक जॉब्सचं वर्कशॉपमध्ये एवढं इन्स्पेक्शन होत नाही!

अर्थात, फॅक्टरीतून नीट आलेली वस्तू आपण बिघडवू शकतो. पाकिटात चार महिने ठेवून त्यावर रोज बसणं, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावणं (तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं), डबल सेफ्टी म्हणून दोन चढवणं. हे टाळायचं आणि एक्स्पायरी डेट बघायची, बस.

आता गणित. समोरची व्यक्ती एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, औषधं घेत नाही आणि कंडोमही नाही, असं सगळ्यात वाईट धरून चला. योनीमार्गाच्या एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत सुमारे ४, आणि स्त्रीला दहा हजारांत सुमारे ८. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शून्य मोजायला चुकलो की काय असं वाटलं, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात 'एकदा केलं की झालंच' असं बसलेलं असतं. गुदमैथुनात मात्र आत घेणाऱ्या जोडीदारासाठी हाच आकडा दहा हजारांत १३८ आहे, म्हणजे बराच मोठा, आणि तो लपवून उपयोग नाही.

यात कंडोम आणा. दर वेळी कंडोम वापरणाऱ्या जोडप्यांच्या अभ्यासांत लागण साधारण ८० टक्क्यांनी कमी आढळली. लक्षात घ्या, या ८० टक्क्यांत ज्यांचे कंडोम फाटले, निसटले, उशिरा चढवले गेले तेही सगळे आले. तरी आपण कंजूषपणे ८० च धरू. ४ भागिले १०,००० गुणिले ०.२, म्हणजे १२,५०० त एक. आणि हे समोरची व्यक्ती नक्की पॉझिटिव्ह आहे असं धरून! भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. तेही गुणा: साडेबासष्ट लाखांत एक. ज्या गटात हे प्रमाण दहापट आहे असं समजू, तिथेही सव्वासहा लाखांत एक. सरासरीच्या या आकड्यांत व्यक्तीगणिक फरक पडतो. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असली किंवा दुसरा गुप्तरोग असला तर धोका वाढतो. पण वाढून वाढून किती, हे वरच्या शून्यांकडे बघून तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. पॉझिटिव्ह व्यक्ती नियमित औषधं घेत असेल आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होतच नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर यासंबंधी एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यातलं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढे युरोपातल्या पार्टनर नावाच्या अभ्यासात, विषाणू दबलेला असताना कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही जोडीदाराकडून झालेली लागण शून्य निघाली.

हे सगळं मी मित्राला कागदावर मांडून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पण मग माझा घसा का दुखतोय?"

इथे खरी मेख आहे. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं होतं. आता हीच यादी कोणत्याही हॉस्टेलला लावून बघा. जागरण, मेसचं तेल आणि पावसाळा एवढ्यावर निम्मी विंग पॉझिटिव्ह ठरेल! भीतीची स्वतःची लक्षणंही असतात: घाम, छातीत धडधड, जुलाब, तोंड कोरडं पडणं, भूक मरणं. मानेतली गाठ दिवसातून पन्नास वेळा दाबून पाहिली तर ती दुखणारच. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, ना आहे म्हणून, ना नाही म्हणून. ते टेस्टचं काम.

मग 'जर-तर' सुरू होतात. कंडोमला हात लावला आणि बोटाला कापलेलं होतं तर? चुंबन घेतलं होतं, त्याचं काय? लॉजचा टॉवेल? लाळ, घाम, अश्रू यांतून एचआयव्ही पसरत नाही. रक्त, वीर्य, योनी व गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध, एवढ्यांतूनच तो पसरतो, आणि शरीराबाहेर हवेत त्याची लागण करण्याची ताकद झपाट्याने जाते. टॉवेलवरून नाही, डासांवरून नाही, एका ताटात जेवल्याने तर नाहीच.

घाबरायची, किंवा खरं म्हणजे घाई करायची वेळ वेगळी असते. कंडोम मधेच फाटला, आत राहिला किंवा वापरलाच नाही, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठायचं. पेप नावाची २८ दिवसांची औषधं असतात, ती जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही. म्हणजे तीन दिवस रूममध्ये कुढत बसणं हाच यातला सगळ्यात वाईट पर्याय. आणि कंडोम नीट होता तरी जननेंद्रियांचा हर्पिस, सिफिलिस, एचपीव्ही हे त्वचेच्या स्पर्शाने पसरू शकतात, तिथे कंडोमचं संरक्षण अर्धवट असतं. फोड किंवा जखम दिसली तर दाखवून घ्या. गंमत म्हणजे ज्याची शक्यता जास्त, त्याची कोणाला भीती वाटत नाही.

टेस्टबद्दल. सरकारी रुग्णालयात आयसीटीसी केंद्र असतं, तिथे ती मोफत होते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या फोर्थ जनरेशन टेस्टमध्ये १८ ते ४५ दिवसांत लागण कळते, बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या रॅपिड टेस्टसाठी तीन महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. त्याआधीचा निगेटिव्ह पूर्ण खात्रीचा नाही. चौथ्या दिवशी टेस्ट करून चौथ्या दिवसाचंच उत्तर मिळतं. आणि एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच निकाल देत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात. कारण बेजचा नियम: समजा टेस्ट हजारात ५ जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते आणि हजारात खरे पॉझिटिव्ह २ च आहेत, तर पॉझिटिव्ह आलेल्या ७ पैकी ५ जण निरोगी निघतील. एम-थ्री कशाला शिकायचं असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण द्या.

मित्राबरोबर मी गेलो होतो. रांगेत तो रुमालाने तोंड झाकून उभा. आतल्या मॅडमनी दार लावून घेतलं, "बस रे बाळा" म्हणाल्या, आणि वीस मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. एकदाही "का केलंस" विचारलं नाही. तो तिथे पहिल्यांदा रडला, आणि त्याच्या बोलण्यात विषाणू फार कमी आणि "आईला कळलं तर" फार जास्त होतं. मला वाटतं, बऱ्याच जणांचं हेच असतं. आपण काहीतरी वाईट केलंय आणि त्याची शिक्षा मिळालीच पाहिजे, असं आत कुठेतरी ठरलेलं असतं, मग एड्स ही शिक्षा हाताशी सापडते. अशा भीतीला गणित पुरत नाही, हे मला तिथे बसून कळलं.

कॉलेजला, रेक्टरना किंवा घरी कळवतील का, ही धास्ती असते. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, संमतीशिवाय निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि शिक्षणासाठी एचआयव्ही टेस्टची अट घालता येत नाही. अठरा पूर्ण असतील तर पालकांची सही लागत नाही.

योग्य वेळी केलेली एक टेस्ट निगेटिव्ह आली, की विषय संपतो. मित्राची तशी आली. तरी पुढच्या आठवड्यात तो खासगी लॅबमध्ये पुन्हा करायला निघाला होता. प्रत्येक टेस्टने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी 'किट खराब असेल तर?' चालू होतं. असं झालं तर दुखणं रक्तातलं नाही, चिंतेचं आहे, आणि त्यावरही उपचार आहेत. एचआयव्हीबद्दल विचारायला १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही फोन फुकट आहेत आणि मराठीतून बोलता येतं. त्याने दुसरा नंबर रात्री दीडला गच्चीवर जाऊन लावला होता.