लदेणीतून दिवाणखान्यात

1867 साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडातल्या बैलांच्या लदेण्यांचे दिवस भरले. मीठ-धान्य वाहणारे बंजारे हळूहळू तांडे करून एका जागी राहू लागले. त्यातच 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. अनेक प्रांतांत या समाजाच्या माथी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि कायदा रद्द व्हायला 1952 उजाडले. धंदा गेला, भटकंती गेली. बायकांच्या हातातली सुई मात्र टिकली.

आजच्या वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात तर विशेषच, बंजारा तांडे बरेच आहेत. इथल्या जुन्या पिढीची कांचळी, म्हणजे चोळी, जवळून पाहिली तर ती एका कापडाची नसतेच. छातीचा भाग वेगळा, बाह्यांवरच्या पट्ट्या वेगळ्या, पाठ उघडी आणि बांधायला नाड्या. भरतकामातल्या आरशाला भोक पाडत नाहीत. आधी त्याच्यावर आडव्या-उभ्या दोऱ्यांची जाळी ताणायची, मग त्या जाळीत टाका अडकवत कडेने गोल फिरायचे, म्हणजे आरसा जागचा हलत नाही. कडेला कवड्या, कुठे चलनातून गेलेली नाणी. इतके दाट काम झालेला तुकडा खालच्या कापडापेक्षा जास्त टिकतो. कापड विरले की भरतकाम उसवून नव्या कांचळीवर चढवायचे, उरलेल्या चिंध्या थरावर थर ठेवून धावदोऱ्याने पिशवीत नाहीतर गोधडीत घालायच्या. एकाच कांचळीत दोन पिढ्यांची सुई सापडते ती अशी. शहरातल्या कलादालनांत हल्ली ज्याला पुनर्वापरातली वस्त्रकला म्हणतात, ती तांड्यात निव्वळ काटकसर होती. फक्त तिथे कोणी खाली सही करत नसे.

विसाव्या शतकात चित्र पालटले. जाडेभरडे हातमागाचे कापड आणि वनस्पतींचे रंग मागे पडले, गिरणीचे कापड आणि चकचकीत दोरा आला. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातलेच वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्या काळात समाजाला राजकारणात मोठा आवाज मिळाला. मुली शाळेत गेल्या, साडी नेसू लागल्या. फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, पेटीत गेला.

पेटीतला फेटिया मग व्यापाऱ्याच्या हाती पडला. पुढचा प्रकार मला खटकतो. जुनी वस्त्रे कापून, त्यांचे चौकोन जोडून पर्यटकांसाठी झोळ्या, उशांचे अभ्रे, भिंतीवरचे पडदे झाले. तांड्यातली बाई उसवायची तेव्हा टाका वाचवायची. बाजाराची कात्री थेट टाक्यावरून चालली.

जगाचे लक्ष गेले ते उशिराच. व्हँकुव्हरच्या ‘मायवा’ या संस्थेच्या शार्लट क्वॉन आणि टिम मॅक्लॉक्लिन यांचे बंजारा वस्त्रांवरचे सचित्र पुस्तक 2016 मध्ये आले. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिथल्या बंजाऱ्यांच्या, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेच होते. जुलै 2023 मध्ये जी-20 च्या हंपीतल्या बैठकीवेळी साडेचारशेहून अधिक लंबाणी बायकांनी केलेल्या 1755 वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. संडूर आणि मानोरा इथल्या तांड्यांची बोली एक, नाते एक. पण मानांकन असते प्रदेशाचे, त्यामुळे वाशीमच्या सुईला त्या शिक्क्याचा उपयोग नाही.

वाशीमच्या वाट्याला आले ते संग्रहालय. सेवालाल महाराजांची समाधी असलेल्या पोहरादेवीत 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जुन्या वस्तूंना घर मिळाले, हे चांगलेच. पण तीजेच्या सणाला किंवा रामनवमीच्या यात्रेला बायका नेसतात त्यातले पुष्कळ फेटिये आता यंत्रावर शिवलेले, तयार लेस आणि प्लॅस्टिकचे आरसे लावलेले असतात. काचेचा आरसा जाळीत बसवणाऱ्या आज्या अजून आहेत. शिकवणीचा खर्च करायचा तर तो आधी त्यांच्यावर करावा.