उडालेला लाल रंग

नुसते रंगाचे पट्टे असलेल्या चित्रासमोर कुणाचा गळा दाटून आला असं म्हटलं, की ऐकणारा गालातल्या गालात हसतो. त्यात ना माणूस, ना झाड, ना गोष्ट. मग भावना येते कुठून? चित्रकाराच्या नावाच्या वलयातून, असं ठरलेलं उत्तर मिळतं. हे उत्तर तपासायची संधी एका दुर्घटनेने दिली. चित्रकार मार्क रॉथ्कोची पाच भव्य चित्रं १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीत, दहाव्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनात लागली. खिडक्या मोठ्या, ऊन भरपूर. किरमिजी छटेसाठी रॉथ्कोने लिथॉल रेड हे रंगद्रव्य वापरलं होतं आणि ते उजेडात टिकत नाही. लाल उडाला, त्यात मिसळलेला निळा तेवढा मागे राहिला. १९७९ मध्ये चित्रं उतरवून ठेवावी लागली. सही तीच, कापड तेच, आकारही तेच. चित्रांची जान मात्र गेली होती.

वरून नवा रंग चढवणं शक्य नव्हतं, कारण मग मूळ पृष्ठभागच झाकला गेला असता. म्हणून २०१४ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाने एका प्रदर्शनासाठी वेगळी वाट काढली. जुन्या फोटो-पारदर्शिका आणि न उडालेलं एक सहावं चित्र यांवरून मूळ छटा ठरवल्या, आणि जिथे जेवढा रंग कमी तेवढाच प्रकाश प्रोजेक्टरने टाकला. चित्रं पुन्हा धगधगली. याचं कारण आपल्या दृष्टीत आहे. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींचे संदेश मेंदू एकमेकांशी आणि शेजारच्या रंगाशी ताडून पाहतो. रॉथ्कोच्या कडा धूसर, थर पातळ. त्यामुळे आकृती कुठे संपते आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते, याचा निकाल लागत नाही आणि नजर तिथेच घुटमळते. लाल उडाला की हा ताणच संपतो. ‘लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती’ असली कोष्टकं इथे कुचकामी आहेत. तसं असतं तर साडीच्या दुकानात रोज भांडणं झाली असती.

तरीही शंका उरते: असं तर लहान मूलही रंगवेल. २०११ मध्ये अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर या संशोधकांनी नामवंतांची अमूर्त चित्रं आणि मुलांचे, प्राण्यांचे फटकारे अशा जोड्या लोकांपुढे ठेवल्या, काहींखाली काम कुणाचं याची मुद्दाम चुकीची माहिती लिहून. तरीही नुसत्या योगायोगाने घडलं असतं त्याहून जास्त वेळा लोकांनी चित्रकाराचं काम निवडलं. यातून भावना सिद्ध होत नाही, हे खरं. पण सगळा खेळ नावाचा आहे, हा दावा मात्र टिकत नाही. हार्वर्डच्या त्या प्रदर्शनात रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद केले जात, आणि भिंतीवर उरत ती उडालेली चित्रं.