आधी आवाज, मग घुबड

श्रीलंकेत १८६८ नंतर एकही नवी पक्षीप्रजाती सापडली नव्हती. बेट लहान, त्यात ब्रिटिश काळापासून पक्षीनिरीक्षकांनी पिंजून काढलेलं. अशा ठिकाणी १९९५ साली कितुलगलाच्या वर्षावनात दीपल वरकागोडा यांना रात्री एक अनोळखी साद ऐकू आली. आखूड, मंद, बऱ्याच वेळाने पुन्हा येणारी. पक्ष्यांच्या आवाजांचं ध्वनिमुद्रण करण्यात मुरलेल्या या माणसाला ती कुठल्याच ओळखीच्या पक्ष्याशी जुळेना. आवाजाचा धनी दिसायला मात्र २००१ चा जानेवारी उजाडला. सिंहराजच्या जंगलात दिसलं ते जेमतेम वीतभर लांबीचं, तांबूस घुबड, ‘स्कॉप्स’ नावाच्या लहान घुबडांच्या गटातलं.

स्कॉप्स घुबडांच्या बाबतीत आवाजाला एवढं महत्त्व का? ही घुबडं रात्री हिंडतात, आणि त्यांच्या कित्येक जाती दिसायला सारख्याच. जोडीदार एकमेकांना ओळखतात ते हाकेवरून. शिवाय घुबडाची हाक उपजत असते, पोपटासारखी ऐकून शिकलेली नसते. म्हणून वेगळी हाक हा वेगळ्या प्रजातीचा भक्कम पुरावा ठरतो. इथे तर रूपही वेगळं निघालं: श्रीलंकेतल्या इतर दोन्ही स्कॉप्स घुबडांच्या डोक्यावर कानांसारखे पिसांचे तुरे असतात, याला ते नाहीत. ते खातं मुख्यतः किडे, आणि बसतं दाट झुडपांत, जमिनीपासून फार उंच नाही.

२००४ मध्ये वरकागोडा आणि पामेला रासमुसेन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. रासमुसेन हे नाव आपल्याकडच्या पक्षीमित्रांना परकं नाही. शतकभर हरवलेला रानपिंगळा १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, त्या शोधात त्या होत्या.

नव्या घुबडाचं नाव ठेवलं ओटस थिलोहॉफमानी. नावं देताना शास्त्रज्ञ कधीकधी नुसती मर्जी राखतात. इथे तसं झालं नाही. थिलो हॉफमन हे श्रीलंकेत आयुष्य घालवलेले स्विस गृहस्थ. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी सिंहराजची यांत्रिक तोड सुरू झाली, तेव्हा ती थांबवण्याच्या लढ्यात ते आघाडीवर होते. तोड थांबली, आणि १९८८ मध्ये हे जंगल युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं.

आज हे घुबड संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. नैर्ऋत्य श्रीलंकेतल्या सखल वर्षावनांचे काही तुकडे सोडले, तर जगात ते कुठेही आढळत नाही.